सावज कुंपणापलीकडे पडले तर

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात नोव्हेंबरच्या उत्तरार्धात हरणांच्या शिकारीचा नऊ दिवसांचा बंदुकीचा हंगाम असतो. परवाना घेतलेला माणूस पहाटेपासून आपल्याच रानात मचाणावर बसतो, हरीण टप्प्यात येते, गोळी सुटते आणि नेमकी छातीत लागते. तरी हरीण जागच्या जागी कोसळत नाही. पांढऱ्या शेपटीचे हे हरीण फुप्फुसे फुटल्यावरही शंभरेक मीटर सहज पळते आणि तेवढ्यात शेजाऱ्याचे तारेचे कुंपण येते. हरीण कुंपणावरून उडी घेते, पलीकडच्या कापणी झालेल्या मक्याच्या धसकटांत थोडे अंतर जाते आणि पडते. शिकाऱ्याला ते तिथे पडलेले स्पष्ट दिसत असते.

विस्कॉन्सिनमध्ये त्याला कुंपणाच्या अलीकडेच थांबावे लागते. शेजाऱ्याने होकार दिल्याशिवाय आत पाऊल टाकता येत नाही, मेलेले जनावर उचलून आणायलासुद्धा नाही. वन्यजीव खात्याच्या वॉर्डनला बोलावले तर तो शेजाऱ्याची समजूत घालू शकतो, पण त्याच्यावर हुकूम चालवू शकत नाही. पश्चिम सीमेवरची सेंट क्रॉय नदी ओलांडून मिनेसोटात गेले की नियम बदलतो. तिथे जमिनीवर प्रवेशबंदीची पाटी नसेल, तर कायदेशीरपणे गोळी घातलेले जखमी जनावर आणायला शिकारी मालकाला न विचारता आत जाऊ शकतो. मात्र पायी जायचे आणि जनावर मिळाले की लगेच बाहेर पडायचे. शिकारी कुत्रा दुसऱ्याच्या जमिनीत शिरला असेल, तर बंदूक बाहेर ठेवून त्यालाही आणता येते. एका नदीच्या दोन काठांवर एकच हरीण आणि एकच गोळी असली तरी उत्तरे दोन मिळतात.

ही उत्तरे वेगळी का, हे समजून घ्यायचे तर दोन प्रश्न आधी सुटे करावे लागतात. ते मेलेले जनावर कोणाचे, हा पहिला प्रश्न. त्या जमिनीवर पाऊल ठेवायचा अधिकार कोणाचा, हा दुसरा. बहुतेक भांडणे पेटतात ती या दोहोंची गल्लत झाल्यामुळे. ‘माझी गोळी, माझे हरीण, मग मी आणणारच’ असे शिकारी म्हणतो आणि ‘माझी जमीन, म्हणून इथे पडलेले सगळे माझे’ असे मालक म्हणतो. कायद्याच्या दृष्टीने दोघेही निम्मे बरोबर असू शकतात. यात तिसराही एक प्रश्न आहे. जनावर अजून मेलेले नसेल, पलीकडच्या झुडपात तडफडत असेल, तर काय करायचे? हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकात फार उशिरा आला, आणि खरे पाहता तोच सगळ्यात आधी विचारायला हवा होता.

पहिले दोन प्रश्न रोमनांनी केव्हाच वेगळे केले होते. सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेने इ. स. ५३३ मध्ये तयार झालेल्या कायद्याच्या पाठ्यपुस्तकात, ‘इन्स्टिट्यूट्स’मध्ये, रानटी जनावराला कोणी धनी नाही असे धरले आहे. जो पकडेल त्याचे ते होते, मग त्याने ते स्वतःच्या जमिनीवर पकडलेले असो वा दुसऱ्याच्या. जमिनीचा मालक शिकाऱ्याला आत येण्यापासून रोखू शकतो, पण शिकारी आत येऊन गेलाच तर त्याच्या हातातले सावज मालकाचे ठरत नाही. जखमी होऊन पळणाऱ्या जनावराबद्दल मात्र रोमन पंडितांत एकमत नव्हते. सिसेरोचा मित्र असलेला कायदेपंडित ट्रेबेशियस म्हणत असे की जखम केली की जनावर तुझे झाले, पाठलाग सोडलास तरच हक्क गेला. बाकीच्या बहुतेकांना हे पटले नाही. जखम होणे आणि हाती लागणे यांच्यामध्ये बरेच काही घडू शकते, तेव्हा प्रत्यक्ष पकडल्यावरच मालकी, असे त्यांचे म्हणणे होते. जस्टिनियनने त्यांचाच पक्ष घेतला.

पुढे उत्तर इटलीत राज्य करणाऱ्या लोम्बार्डांना हे उत्तर फार कोरडे वाटले असावे. राजा रोथारी याने ६४३ मध्ये आपल्या लोकांचे कायदे लिहून घेतले. त्यात असे आहे की बाण लागलेले हरीण किंवा दुसरे रानटी जनावर, शिकाऱ्याने पाठलाग सोडून तोंड फिरवल्यापासून चोवीस तासांपर्यंत त्याचेच समजावे. या मुदतीनंतर ज्याला सापडेल त्याने न्यावे. दुसऱ्याने घायाळ केलेले जनावर सापडले, ते ठार केले आणि तसे कळवले, तर कळवणाऱ्याला उजवा खांदा आणि सात बरगड्या. शिकाऱ्याच्या श्रमाला चोवीस तासांचे संरक्षण आणि शोधून काढणाऱ्याच्या प्रामाणिकपणाला मांसाचा ठरलेला वाटा, अशी ती व्यवस्था होती. ज्या समाजात हरणाचे मांस म्हणजे हिवाळ्याची बेगमी, तिथे वाटा इतका मोजूनमापून सांगितला होता, यात नवल नाही.

त्याच धर्तीची पण दुसऱ्या प्रश्नाची उकल जर्मन भूमीत सापडते. आइके फॉन रेपगोव याने तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘झाक्सनश्पीगेल’ या ग्रंथात सॅक्सन लोकांचा रूढ कायदा लिहून काढला. त्या काळी राजाची राखीव राने होती आणि त्यांत इतरांना शिकार बंद होती. अशा रानातून नुसते घोड्यावरून जाणाऱ्यानेही धनुष्याची दोरी उतरवलेली ठेवावी, भाता झाकलेला असावा, कुत्री बांधून न्यावीत, असा दंडक होता. मग एखाद्याने रानाबाहेर पाठलाग सुरू केला आणि कुत्री जनावरामागे राखीव रानात घुसली तर? त्या माणसाने मागोमाग जावे, असे आइकेचा ग्रंथ सांगतो. मात्र त्याने शिंग फुंकू नये, कुत्र्यांना चेतवू नये. त्यांना परत बोलावता येईल. तरीही जनावर हाती लागले, तर तो गुन्हा नाही.

मिनेसोटातल्या कुत्र्याच्या नियमाशेजारी हे ठेवून पाहावे. आठशे वर्षांचे अंतर आहे, मधे एक महासागर आहे, आणि युक्ती तीच आहे: ये, पण शिकारी म्हणून येऊ नकोस.

अमेरिकेत कायद्याचे शिक्षण घेणारा जवळपास प्रत्येक विद्यार्थी पहिल्याच वर्षी एका कोल्ह्याची गोष्ट वाचतो. लाँग आयलंडच्या किनाऱ्याकडच्या ओसाड जागेत लोडोविक पोस्ट नावाचा तरुण कुत्री घेऊन कोल्ह्याच्या मागे लागला होता. कोल्हा आता हाती येणार, इतक्यात जेसी पिअर्सन मधेच आला, त्याने कोल्हा मारला आणि उचलून नेला. पोस्टने दावा लावला. खालच्या न्यायालयात तो जिंकला, पण १८०५ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. पुढे अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष झालेले न्यायमूर्ती डॅनियल टॉम्पकिन्स यांनी बहुमताचा निकाल लिहिताना जस्टिनियनपर्यंतचे दाखले काढले आणि नुसत्या पाठलागाने मालकी येत नाही असे ठरवले. प्राणघातक जखम केली असेल किंवा जनावर जाळ्यात अडकवले असेल आणि पाठलाग सोडला नसेल, तर गोष्ट वेगळी. न्यायमूर्ती ब्रॉकहोल्स्ट लिव्हिंग्स्टन यांना हे मुळीच मान्य नव्हते. हा वाद शिकाऱ्यांच्याच पंचायतीपुढे न्यायला हवा होता, दिवसभर कुत्री घेऊन धावलेल्या माणसाच्या तोंडचा घास कोणी ऐनवेळी काढून नेला तर त्यांनी पुस्तक न उघडता निकाल दिला असता, असा त्यांच्या भिन्नमताचा रोख होता.

पिअर्सन-पोस्ट खटल्यात जमीन कोणाचीच नव्हती असे धरले होते, म्हणून दुसरा प्रश्न तिथे उठलाच नाही. कोर्टाने पुस्तकापेक्षा धंद्याच्या रिवाजाला मान दिला, तो पाऊणशे वर्षांनी, एका देवमाशाच्या प्रकरणात. एप्रिल १८८० मध्ये केप कॉडच्या टोकाजवळ मॅसॅच्युसेट्स उपसागरात घेन नावाच्या देवमाशाच्या शिकाऱ्याने बॉम्ब-लान्स, म्हणजे स्फोटक भाला, मारून एक फिनबॅक देवमासा ठार केला. फिनबॅक मेला की तळाशी जातो आणि एक ते तीन दिवसांनी कुजून फुगला की वर येतो. हा मासा तीन दिवसांनी तिथून १७ मैलांवर, ब्रूस्टरच्या किनाऱ्याला लागला. ज्याला सापडला त्याने तो लिलावात विकला आणि रिच नावाच्या माणसाने विकत घेऊन त्याची चरबी काढली.

प्रॉव्हिन्सटाउनच्या शिकाऱ्यांचा रिवाज असा होता की प्रत्येकाच्या लान्सवर ओळखीची खूण असायची. किनाऱ्यावर मासा दिसला की सापडणाऱ्याने प्रॉव्हिन्सटाउनला निरोप धाडायचा, मालक यायचा, चरबी काढून न्यायचा आणि निरोप देणाऱ्याच्या हातावर थोडे पैसे ठेवायचा. रोथारीचा उजवा खांदा आणि सात बरगड्या इथे डॉलरांत आल्या होत्या, एवढाच फरक. १८८१ मध्ये न्यायाधीश नेल्सन यांनी घेनच्या बाजूने ७१ डॉलर ५ सेंट भरपाईचा हुकूम दिला. त्यांचा विचार साधा होता. मासा ताब्यात ठेवण्यासाठी माणसाच्या हातून जेवढे होण्यासारखे होते तेवढे घेनने केले होते, आणि हा रिवाज मोडला तर कोणीही पुन्हा या धंद्यात पडणार नाही. मारलेले सावज दुसऱ्याच्या जागी जाऊन पडते तेव्हा काय करावे, याचे जगातले बहुधा सगळ्यात माणुसकीचे उत्तर या देवमासे मारणाऱ्या खलाशांनी शोधले होते. त्यात निरोप देण्याचे बंधन होते, येण्याची मोकळीक होती आणि कळवणाऱ्याला मोबदलाही होता.

इंग्लंडने मात्र जमिनीला सगळ्यात वर बसवले. १६७१ च्या गेम ॲक्टने शिकारीचा हक्क मुख्यतः वर्षाला १०० पौंड उत्पन्नाची स्वतःची जमीन असणाऱ्यांपुरता राखून ठेवला. कुळाच्या शेतातले पीक ससे खात असले, तरी कुळाला ससा मारायची मुभा नव्हती. ही अट १८३१ च्या कायद्याने काढली, पण शिकारीचा हक्क जमिनीला जखडलेलाच राहिला. कुळांना आपल्या शेतातले ससे मारण्याचा कायमचा हक्क १८८० मध्ये मिळाला. दरम्यान, १८६५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ब्लेड्स विरुद्ध हिग्ज या खटल्यात रोमन नियम चक्क उलटा केला. चोरट्या शिकाऱ्यांनी मार्क्विस ऑफ एक्झिटरच्या जमिनीवर ससे मारले, ते ब्लेड्स या व्यापाऱ्याने विकत घेतले आणि मार्क्विसच्या नोकरांनी ते त्याच्याकडून हिसकावून घेतले. ससे मेले त्या क्षणी जमिनीच्या मालकाचे झाले, असा निकाल लागला.

मग पक्षी एकाच्या जमिनीवरून उडाला आणि दुसऱ्याच्या जमिनीवर पडला तर? यावरही इंग्रज न्यायाधीशांनी डोके लढवले. १८६२ च्या ऑस्बंड विरुद्ध मेडोज खटल्यात एकाने आपल्या हद्दीत उभे राहून शेजाऱ्याच्या जमिनीवरचा फेझंट मारला आणि जाऊन उचलला. गोळी आणि उचलणे ही एकच सलग कृती धरून त्याला दोषी ठरवले. तीन वर्षांनी केन्यन विरुद्ध हार्ट खटल्यात फेझंट शिकाऱ्याच्याच जमिनीतून उडाला होता, शेजाऱ्याच्या डोक्यावर असताना गोळी लागली आणि मरून तिकडे पडला. त्याला आणायला गेलेला माणूस सुटला, कारण १८३१ चा कायदा जिवंत सावजाच्या शोधात शिरण्याला गुन्हा मानतो, मेलेला पक्षी आणायला जाण्याला नाही. फौजदारीतून सुटका झाली, तरी विनापरवाना आत शिरल्याबद्दल शेजारी दिवाणी दावा लावू शकत होताच.

घोड्यावर बसून कुत्र्यांनिशी कोल्ह्यामागे धावणाऱ्यांना १८३१ च्या कायद्याने फौजदारी शिक्षेतून वगळले होते. या सवलतीचा अर्थ बऱ्याच बड्या मंडळींनी ‘आम्हाला कुठेही जायची मुभा आहे’ असा घेतला. १८७८ मध्ये पॉल विरुद्ध समरहेज खटल्यात न्यायालयाने हा गैरसमज दूर केला. जमीनवाला ‘येऊ नका’ म्हणत असेल, तर कोल्ह्याच्या शिकारीचे निमित्त काढून त्याच्या शेतात घुसता येत नाही. हा निकाल शेतकऱ्याच्या बाजूचा होता आणि योग्यच होता. घोड्यांच्या टापांखाली तुडवले जाणारे पीक त्याचे होते.

अशा व्यवस्थेतून जे लोक अमेरिकेत गेले, त्यांनी तिथे मुद्दाम उलटा नियम केला. पेनसिल्व्हेनियाच्या १७७६ च्या आणि व्हर्मॉन्टच्या १७७७ च्या संविधानात रहिवाशांना स्वतःच्या जमिनीवर आणि कुंपण न घातलेल्या इतर कोणत्याही जमिनीवर हंगामात शिकार करण्याची मोकळीक होती. व्हर्मॉन्टमध्ये ते कलम आजही टिकून आहे. साउथ कॅरोलायनात १८१८ मध्ये मॅकॉनिको विरुद्ध सिंगलटन खटल्यात एका जमीनदाराने शिकाऱ्याला ‘येऊ नकोस’ असे बजावले होते, तरी न्यायालयाने शिकाऱ्यालाच मोकळे सोडले. जमीन पडीक आहे आणि कुंपण नाही, मग शिकारीचा हक्क सगळ्यांचा, असे ते म्हणाले.

यादवी युद्धानंतर दक्षिणेत हा उदारपणा आटला, आणि त्यामागचे कारण विसरता कामा नये. गुलामीतून सुटलेले काळे लोक शिकार आणि मासेमारी करून पोट भरू शकत होते, म्हणजेच मळेवाल्यांच्या शेतात पडेल त्या मजुरीवर राबायला नकार देऊ शकत होते. जिल्ह्याजिल्ह्यांत कुंपणाचे आणि प्रवेशबंदीचे कायदे कडक झाले त्यात ही सोय बंद करण्याचा हेतू होता, असे इतिहासकारांनी दाखवून दिले आहे. रान कोणाला मोकळे आणि कोणाला बंद, हा प्रश्न नुसत्या शिकारीचा कधीच नव्हता.

आज अमेरिकेच्या राज्या-राज्यांत दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी नांदतात. निम्म्याच्या आसपास राज्यांत जमिनीवर पाटी नसेल तर शिकाऱ्याला मज्जाव नाही. उरलेल्यांत आधी परवानगी हवी. पाट्या फाटतात, चोरीला जातात, म्हणून अनेक राज्यांनी झाडावर किंवा खांबावर जांभळा रंग मारण्याची सोय केली. टेक्सासात हा पट्टा उभा, किमान आठ इंच लांब आणि एक इंच रुंद, जमिनीपासून तीन ते पाच फुटांवर असावा लागतो. जांभळा पट्टा दिसला की आत जायचे नाही, मग पलीकडे सावज पडलेले असो वा नसो.

साउथ डकोटा हे फेझंटवेड्या लोकांचे राज्य. फेझंट हा तिथला राज्यपक्षी आहे. तिथे कायदेशीरपणे मारलेला पक्षी किंवा लहान सावज खाजगी जमिनीवर पडले, तर बंदूक बाहेर ठेवून पायी जाऊन आणता येते. हरणासाठी मात्र ही सवलत नाही. नॉर्थ डकोटात हक्काच्या जागी मारलेले जनावर पाटी लावलेल्या जमिनीत गेले, तरी ते आणायला जाता येते. जुना आणि चांगलाच पेटलेला वाद व्हर्जिनियात आहे. तिथल्या १९३८ च्या कायद्याने कुत्र्यांनिशी कोल्हा किंवा रॅकून यांचा पाठलाग करणाऱ्यांना, पाठलाग दुसरीकडे सुरू झाला असेल तर, मनाई असलेल्या जमिनीतही कुत्र्यांमागे जाऊ दिले. बाकीच्या शिकाऱ्यांना आत जाता येते ते कुत्रा किंवा पाळीव ससाणा परत आणण्यापुरतेच. त्यांना बंदूक किंवा धनुष्य नेता येत नाही, मालकाने विचारल्यास नाव सांगावेच लागते आणि गाडी न्यायची तर परवानगी लागते.

व्हर्जिनियातल्या जमीनवाल्यांची तक्रार पोकळ नाही. जुन्या काळी दोन मळ्यांमध्ये मैलभर रान असे. आता तिथे दहा-वीस एकरांचे तुकडे झाले आहेत. एका सकाळी वीस कुत्री अंगणातून गेली, कोंबड्या उधळल्या आणि मागून अनोळखी माणसे आली, तर ‘कुत्रा आणायला आलो’ हे ऐकून घेणाऱ्याचा संयम किती टिकणार? उलट बाजूला, पिढ्यान्‌पिढ्या कुत्री पाळणाऱ्या घरांना हा कायदा गेला तर आपली रीतच संपेल असे वाटते. ही रीत जपायची तर नाव विचारल्यावर ते सांगण्याएवढी सभ्यता तरी शिकाऱ्यांनी पाळायला हवी.

यात जनावर कुठे आहे?

हरीण गोळी किंवा बाण लागून गेले की अनुभवी शिकारी आधी गोळी लागली त्या जागी वाकतो. पानांवर फेसाळ, फिकट गुलाबी रक्त असेल तर फुप्फुस. जनावर जवळच पडले असणार. रक्त काळपट लाल असेल तर यकृत, मग काही तास थांबायचे. बाणाला हिरवट घाण आणि आंबूस वास असेल तर आतडी फुटली आहेत, आणि तेव्हा आठ-बारा तास मागे लागू नये असा संकेत आहे. का? कारण जखमी हरीण एकटे सोडले तर लवकरच कुठेतरी बसते आणि तिथेच मरते. माणसाची चाहूल लागली की ते पुन्हा उठते, आणखी एक-दोन शेते ओलांडते आणि सापडत नाही. म्हणजे चांगल्या शिकाऱ्याला थांबावेच लागते, आणि तेवढ्यात हद्दीचा प्रश्न आणखी अवघड होतो. रात्रीच्या वेळी टॉर्च घेऊन दुसऱ्याच्या रानात माग काढणारा माणूस चोरट्या शिकाऱ्याहून वेगळा दिसत नाही.

अनेक राज्यांचे कायदे शिकाऱ्यावर मारलेले जनावर शोधून आणण्याची जबाबदारीही टाकतात आणि मांस वाया घालवणे हा गुन्हा मानतात. टेक्सासात ही जबाबदारी आहे आणि तिथली सुमारे ९५ टक्के जमीन खाजगी आहे. कुंपणापाशी उभ्या असलेल्या शिकाऱ्याला एक कायदा ‘जा’ म्हणतो आणि दुसरा ‘जाऊ नकोस’. शेजारी घरी नसेल, फोन उचलत नसेल किंवा जुन्या वैरामुळे नकार देत असेल, तर जनावर तिथेच मरते आणि कुजते. हे टाळता येण्यासारखे आहे, म्हणूनच ते अक्षम्य आहे.

जखमी जनावर सोडून देणे किती महाग पडते, हे भारताने पाहिले आहे. जिम कॉर्बेट यांनी १९०७ मध्ये कुमाऊंत मारलेल्या चंपावतच्या वाघिणीने नेपाळ आणि कुमाऊं मिळून चारशेहून अधिक माणसे मारली होती. तिचे उजवीकडचे वरचे आणि खालचे सुळे मोडलेले होते, जुन्या बंदुकीच्या गोळीने. नेहमीचे सावज मारता येईना म्हणून ती माणसांकडे वळली, असे कॉर्बेट यांचे निदान होते.

जर्मनीने या तिसऱ्या प्रश्नाला कायद्यात जागा दिली. तिथे १८४८ च्या क्रांतीने सरदारांचा दुसऱ्याच्या जमिनीवर शिकार करण्याचा हक्क काढून घेतला आणि तो जमीनमालकांना दिला. पण छोट्या-छोट्या शेतांत जो तो बंदूक चालवू लागला तर रानात काही उरणार नाही हे लगेच दिसले, म्हणून शिकारीच्या क्षेत्राला किमान आकार आला. आज एकसंध ७५ हेक्टर जमीन असेल तर मालकाचे स्वतंत्र शिकारक्षेत्र होते. त्याहून लहान जमिनी एकत्र करून गावाचे सामायिक क्षेत्र बनते आणि ते बहुधा शिकाऱ्यांना खंडाने दिले जाते. परक्या क्षेत्रात परवानगीशिवाय शिकार केल्यास तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो, आणि गंभीर प्रकरणांत पाच.

एवढे कडक नियम असूनही जर्मन शिकार कायद्याच्या २२-अ कलमात जनावराला टाळता येण्याजोग्या यातना होऊ नयेत, गंभीर जखमी जनावराला लगेच मारून मोकळे करावे, असा आदेश आहे. जखमी जनावर शेजारच्या क्षेत्रात गेले तर मागे जाण्यासाठी दोन क्षेत्रांच्या शिकाऱ्यांत लेखी करार असावा लागतो; अनेक घटक राज्यांनी यात आपापली भर घातली आहे. करार कधी होतो हे महत्त्वाचे. हंगाम सुरू होण्याआधी, कोणाचे काही अडलेले नसताना, दोन शेजारी बसून ठरवतात: माझ्या बाजूने जखमी रानडुक्कर तुझ्याकडे आले तर मी कोणाला कळवीन, बंदूक असेल की नसेल, मांस कोणाचे, सुळे कोणाचे. कुंपणापाशी उभे राहून भांडण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

माग काढायला माणसाचे डोळे पुरत नाहीत, म्हणून हानोवर आणि बव्हेरियाच्या जातीची खास कुत्री तयार केली जातात. त्यांच्या परीक्षेत हजार मीटरच्या मागावर जेमतेम पाव लिटर रक्त शिंपडतात, मधे काटकोनात वळणे देतात, माग रात्रभर जुना होऊ देतात आणि मग लांब दोरीला बांधलेला कुत्रा त्यावर सोडतात. अवघड प्रकारात माग चाळीस तासांचा असतो. फ्रान्सचा कायदा यापुढे एक पाऊल गेला आहे: जखमी जनावराचा असा माग काढणे ही तिथे शिकारच मानली जात नाही. अमेरिकेतही बहुतेक राज्यांनी अलीकडच्या दशकांत दोरीला बांधलेल्या कुत्र्याने माग काढायला परवानगी दिली आहे. राठ केसांचे डॅक्सहुंड हे आखूड पायांचे कुत्रे त्यासाठी लोकप्रिय आहेत.

भारतात या भांडणाला जागाच राहिलेली नाही. ब्रिटिश अमदानीतल्या शिकाऱ्यांत पहिली गोळी ज्याची त्याचा वाघ, असा संकेत होता. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावरची उरलीसुरली शिकारही थांबली, आणि मालकीचा प्रश्न ३९ व्या कलमाने एका वाक्यात मिटवला: मारलेला किंवा मेलेला सापडलेला संरक्षित वन्य प्राणी सरकारचा. विदर्भातल्या शेतकऱ्याच्या विहिरीत पडून मेलेली नीलगाय त्याची नाही, आणि ती ज्याच्या हाती लागली त्याने ४८ तासांत पोलीस ठाण्याला किंवा वनाधिकाऱ्याला कळवायचे असते. तिने आधी त्याचे पीक खाल्ले असेल, तरी उत्तर बदलत नाही. हा कायदा चोरट्या शिकारीला आळा घालण्यासाठी आवश्यक होता, यात शंका नाही. पण ज्याच्या शेतात हे घडते त्याच्याकडे फक्त कळवण्याचे काम उरते. त्याला वेळेवर नुकसानभरपाई मिळाली तरच हा सौदा त्याला न्याय्य वाटेल.

जिथे शिकार चालू आहे तिथे आता एक नवीन पेच आहे. उष्णता टिपणारा कॅमेरा लावलेला ड्रोन रात्रीच्या अंधारात पडलेले हरीण काही मिनिटांत दाखवतो. कुंपण ओलांडायचे नाही, पाऊल टाकायचे नाही, मालकाला फोन करून नेमकी जागा सांगायची. मिशिगनचे वन्यजीव खाते मात्र ड्रोनने मेलेले सावज शोधणे हाही शिकारीचाच भाग धरून त्याला मनाई करते, आणि या मनाईविरुद्ध २०२३ मध्ये संघराज्य न्यायालयात दावा दाखल झाला. खात्याची भीती निराधार नाही. आज मेलेले हरीण शोधणारा ड्रोन उद्या जिवंत हरीण शोधेल. पण झाडीत अजून धापा टाकत पडलेल्या जनावराला एका रात्रीत शोधून त्याच्या यातना संपवण्याचे साधन हाती असताना ते पेटीत बंद ठेवायचे का, याचे उत्तर त्या खात्यालाच नव्हे, तर ड्रोनबद्दल नियम करणाऱ्या प्रत्येक राज्याला द्यावे लागणार आहे.